जंगलात सोडून का देत नाही?

"बेन, एटलूं करो छो तो जंगलमां छोडी केम नथी देता?" हाथीखाना या बडोद्याच्या धान्यबाजारातले आमचे व्यापारी पोती टेम्पोत चढवताना दर महिन्याला हे विचारतात. दांडिया बाजारातल्या मावशी तेच मराठीत विचारतात. दोन हत्तिणींसाठी घरदार बडोद्यातून मही नदीकाठच्या शेतावर नेलंत, मग मोकळं सोडायला काय हरकत आहे? विचारण्यात खोच नसते, त्या मुक्या जिवांबद्दलची मायाच असते. म्हणून एकदा नीट सांगते.

सोडायचं कुठे, इथूनच अडतं. गुजरातेत आज एकही रानहत्ती नाही. पूर्वी होते. १६१८ साली जहांगीर बादशहा दाहोदच्या जंगलात हत्ती धरायला आला होता, आणि दाहोद आमच्या शेतापासून गाडीने काही तासांवर आहे. ते रानही आता तसं राहिलं नाही आणि त्यातले कळपही नाहीत. कळप म्हणजे आजी, आया, मावश्या, पोरं. कुठलं पाणी कधी आटतं, कुठलं झाड कधी फळतं हे थोरलीला ठाऊक असतं, धाकट्या वर्षानुवर्षं तिच्या मागे राहून शिकतात. आमच्या सरूला आणि मोहिनीला हे शिकवणारं कुणी लाभलंच नाही. त्यांना डांबरी रस्ता माहीत आहे, वरातीचा बँड माहीत आहे, सोंडेत पडणारं नाणं माहीत आहे. भूक लागली की माणसाकडे जायचं, एवढंच त्या शिकल्या. अशी हत्तीण रानात सोडली तर दुसऱ्या दिवशी ती जवळच्या गावात उभी असेल, आणि मग कुणाचा तरी जीव जाईल, माणसाचा नाहीतर तिचा. शिवाय माणसाचा क्षय हत्तीला होतो. आयुष्यभर गर्दीत राहिलेल्या हत्तिणीबरोबर तो रानातल्या कळपात जायला नको. दक्षिणेतल्या काही वनखात्याच्या कॅम्पांत हत्तींना रात्री चरायला जंगलात सोडतात, पण तिथे कॅम्पाला लागूनच हत्तींचं रान आहे. आमच्याभोवती तूर, कापूस आणि केळीची शेतं आहेत.

आणि त्या आमच्या मालकीच्या नाहीतच. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे हत्तीची खरेदी-विक्री करता येत नाही. कागदपत्रं नसल्यामुळे या दोघी जप्त झाल्या आणि सांभाळायला आमच्याकडे दिल्या गेल्या. पैसे मोजून हत्ती सोडवून आणायला आमच्या घरात पहिल्यापासून सगळ्यांचा विरोध आहे. त्याच पैशांतून विकणारा माणूस दुसरं पिल्लू आणतो. हे आम्ही ऐकलेलं नाही, पाहिलेलं आहे.

मग त्यांना देता काय येतं? सरू आली त्या दिवसांतली गोष्ट सांगते. तिच्या पायातली साखळी काढली, रात्रीच्या वाड्याचं फाटक सताड उघडलं. समोर उतार, गवत, खाली कोतर म्हणजे घळ, त्यात पाणी. सरू फाटकात उभी राहिली. एक तास, दोन तास. दुपार झाली, ऊन डोक्यावर आलं, तरी हलेना. आमचे हे म्हणाले, घाबरली असेल. तिच्याबरोबर आलेले माहूत, त्यांना आम्ही सगळे चाचा म्हणतो, ते कडेला बसून होते. ते म्हणाले, "घाबरली नाही. कुणी 'मैल' म्हणालं नाही, म्हणून उभी आहे." मैल म्हणजे चल. हुकमाशिवाय पाऊल टाकल्यावर काय होतं ते तिच्या कानामागच्या खुणा सांगत होत्या. चाचांना आम्ही विनवलं, म्हणू नका. पंधरा दिवस ती रोज तशीच उभी राहायची. चारा पुढे ठेवला की सोंड लांबवून घ्यायची, पाय तिथेच. सोळाव्या दिवशी सकाळी फाटकात सरू नव्हती. खाली पाण्यात होती. चाचा रडले. तीस वर्षांत त्यांनी तिला स्वतःहून कुठे जाताना पाहिलं नव्हतं.

चाचांविषयीही लोक नाक मुरडतात, अंकुश चालवणारा माणूस कशाला ठेवलात म्हणून. माहुताला घालवून दिलं तर तो दुसऱ्या हत्तीकडे तोच अंकुश घेऊन जातो. चाचांना आम्ही पगार दिला, राहायला खोली दिली. अंकुश त्यांनी स्वतः आणून आमच्या हातात ठेवला.

मोहिनीच्या पायाचं सांगते. हत्तीचा तळवा आतून गादीसारखा मऊ असतो, वर्षानुवर्षं तापलेल्या डांबरावर आणि सिमेंटवर उभं राहून तो झिजतो, भेगा पडतात, नखाच्या बुडाशी पू होतो. तिच्या पुढच्या डाव्या पायाचं मधलं नख असंच सडलं होतं. रोज सकाळी लोखंडी पाइपांच्या कठड्याबाहेर स्टूल ठेवतो. आमची पुतणी काठीच्या टोकाला बांधलेला लाल चेंडू पुढे धरते, मोहिनी फटीतून पाय बाहेर काढून स्टुलावर ठेवते. कोमट मिठाच्या पाण्यात पाय, मग नखाची सफाई, मग पट्टी, आणि मधेमधे केळं. तिने पाय मागे घेतला की त्या दिवसाचं काम तिथे संपलं. औषध अर्धवट राहिलं तरी चालेल. पहिल्या महिन्यात नऊ दिवस तिने पाय दिलाच नाही. डॉक्टर चिडले होते, आणि त्यांचंही चुकत नव्हतं. पण ज्या जिवाला आयुष्यात एकदाही नको म्हणता आलं नाही, त्याला ते इथे म्हणता यायला हवं, यावर आम्ही ठाम राहिलो. आता ती आमच्या आधी स्टुलाशी येऊन उभी असते.

म्हणूनच पाठीवर बसणं नाही, आंघोळ घालणं नाही, सोंडेने आशीर्वाद नाही. फोटोसाठीसुद्धा कुणाला जवळ सोडत नाही. काही नातेवाईक यावरून दुखावले, त्याचं वाईट वाटतं. पण आमच्याच शहरात साठमारीसाठी, म्हणजे रिंगणात हत्तीला चिडवून झुंजवण्याच्या खेळासाठी, हत्ती पोसले गेले. १८७५ साली इंग्लंडच्या युवराजांना इथे हत्तींची झुंज दाखवली होती. हत्तीकडून करमणूक करून घ्यायची सवय आपल्याला जुनी आहे, ती निदान आमच्या शेतावर तरी संपावी.

सरू आता साठीच्या घरात आहे. हत्तीला आयुष्यात दाढांचे सहा संच येतात, एक झिजला की मागून दुसरा पुढे सरकतो. तिचा शेवटचा चालू आहे. पुतणी रोज लेंडी फोडून त्यातले काड्यांचे तुकडे पट्टीने मोजते. तुकडे लांब दिसायला लागले, म्हणजे चावलं जात नाही. या पावसाळ्यात ते बोटभर लांब झाले. मोहिनी दिवसाला १५० किलोच्या आसपास चारा खाते, पादऱ्याहून येणारे केळीचे खांब कडाकडा फोडते. सरूसाठी मात्र ऊस कडबाकुट्टीतून काढतो आणि तांदूळ-मुगाची मऊ खिचडी शिजवतो. हाथीखान्यातून पोती येतात ती त्याचीच.

शेवटच्या दाढा झिजल्या की रानातला म्हातारा हत्ती पाण्याकाठचं कोवळं गवत धरून राहतो. सरूनेही खाली कोतरात, मोहाच्या झाडाच्या सावलीत जागा धरली आहे. गेल्या महिन्यापासून संध्याकाळी तिला वर हाक मारणं आम्ही बंद केलंय. खिचडीची बादली तिकडे घेऊन जातो.