घरी बायबल अभ्यास भरवताना

आमच्या घरी शेजारच्या मंडळींचा बायबल अभ्यास पहिल्यांदा ठरला, तेव्हा मी तीन दिवस घर आवरत होते. पडदे धुतले, कपाटांच्या काचा पुसल्या, बैठकीच्या खोलीतले सामान दोनदा हलवून पुन्हा होते तिथेच आणून ठेवले. अभ्यास नीट पार पडला आणि सगळे समाधानाने घरी गेले. परंतु वाचनाची पाळी आली तेव्हा एका वयस्कर शेजारणीने हातानेच ‘नको’ अशी खूण केली होती, ती माझ्या मनातून जाईना. त्यांना संकोच वाटत असावा, असे आम्ही सर्व धरून चाललो होतो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याच वेळेला मी त्यांच्या खुर्चीत बसून बायबल उघडले आणि कारण लगेच कळले. दिवा बरोबर पाठीमागे होता. माझ्या डोक्याची सावली दोन्ही पानांवर पडली होती, अक्षरे मुळातच बारीक होती आणि पातळ कागदातून मागच्या पानावरच्या ओळीही दिसत होत्या. मलाच वाचता येईना, तर त्यांना कसे वाचता आले असते?

तेव्हापासून घराची तयारी मी खुर्चीत बसूनच करते. ज्या वेळेला मंडळी येणार असतात त्या वेळेला, म्हणजे दिवसाचा उजेड असेल तर त्या उजेडात आणि अंधार पडलेला असेल तर दिवे लावून, मी प्रत्येक जागेवर बसते आणि बायबलमधली दहा वचने, म्हणजे क्रमांक घातलेल्या दहा ओळी, मोठ्याने वाचते. कुठे सावली पडते, कुठे दिवा थेट डोळ्यांवर येतो, कोणत्या जागेवरून समोरच्याचा चेहरा दिसत नाही, हे एवढ्यातच समजते. पंख्याच्या झोतात पाने फडफडत राहतात आणि वाचणाऱ्याचा एक हात पाने धरण्यातच अडकतो, हेही मला असेच कळले. काचा पुसण्यापेक्षा ही अर्ध्या तासाची बैठक कितीतरी अधिक उपयोगी आहे, असे मी अनुभवाने सांगते. पुढच्या वेळी आम्ही दिवा बाजूला घेतला, मोठ्या टाइपातली एक प्रत मिळवून ठेवली, आणि त्या शेजारणीने न अडखळता आपला भाग वाचला.

घरात जमणे ही आजची सोय नव्हे. बायबलच्या दुसऱ्या भागात, म्हणजे नव्या करारात, मंडळी (ख्रिस्ती विश्वासणाऱ्यांचा समुदाय) घराघरांतच जमताना दिसते. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या १६व्या अध्यायात प्रेषित पौल प्रिस्किल्ला आणि अक्विला यांच्या घरी जमणाऱ्या मंडळीला सलाम सांगतो, आणि कलस्सैकरांस लिहिलेल्या पत्रात नुंफा हिच्या घरच्या मंडळीचा उल्लेख येतो. युफ्रेटिस नदीकाठच्या, आजच्या सीरियात असलेल्या दुरा-युरोपोस या प्राचीन शहरात असे एक घर उत्खननात सापडले. तिसऱ्या शतकाच्या पूर्वार्धात तिथल्या लोकांनी दोन खोल्यांमधली भिंत काढून जमण्यासाठी एक मोठी खोली केली होती आणि दुसऱ्या एका खोलीत बाप्तिस्म्याची जागा बांधली होती. बाहेरून मात्र ते आजूबाजूच्या घरांसारखेच एक घर होते. आम्हाला भिंत पाडण्याची गरज नाही. मधले टेबल बाहेर काढले, भिंतीला टेकलेला सोफा थोडा पुढे ओढला आणि उरलेल्या जागा वर्तुळात मांडल्या, एवढे पुरते. वर्तुळाबाहेर, दुसऱ्या रांगेत खुर्ची ठेवू नये, असे माझे ठाम मत आहे. कारण मागे बसलेला माणूस ऐकतो, पण बोलत नाही, आणि दोन-तीन आठवड्यांनी तो येईनासा होतो. जागा कमी असेल तर खुर्च्या काढून सर्वांनी खाली बसावे, मात्र ज्यांचे गुडघे दुखतात त्यांच्यासाठी पाठ असलेल्या दोन खुर्च्या त्याच वर्तुळात ठेवाव्यात.

हवा आणि वेळ यांचा विचार करताना मला नव्या करारातल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाचा २०वा अध्याय आठवतो. त्रोवस येथे माडीवर पुष्कळ दिवे लावलेले होते, पौलाचे भाषण मध्यरात्रीपर्यंत लांबले, आणि खिडकीत बसलेला युतुख नावाचा तरुण गाढ झोप लागून तिसऱ्या मजल्यावरून खाली पडला. तो जिवंत उठवला गेला, हा त्या प्रसंगाचा गाभा आहेच. परंतु यजमान म्हणून वाचताना त्या खोलीतली गर्दी, दिव्यांची ऊब आणि रात्रीचा तो उशीर माझ्या डोळ्यांसमोर उभा राहतो. म्हणून मंडळी येण्याआधी मी खिडक्या थोडा वेळ सताड उघडते आणि अभ्यास दीड तासात संपेल हे निमंत्रण देतानाच सांगते. सकाळी लवकर उठणारी माणसे, लहान मुलांचे आईवडील, आजाऱ्याची सेवा करणारे हे सगळे वेळेचा शब्द पाळला जातो या विश्वासावरच पुन्हा येतात. भिंतीपलीकडच्या शेजाऱ्यांनाही मी आधी कल्पना देते, कारण आपल्या गीतांचा आवाज त्यांच्या घरात जाणार असतो.

दाराजवळ एका व्यक्तीला आवर्जून नेमावे. त्याच पुस्तकात येशूचा शिष्य पेत्र तुरुंगातून सुटून योहान मार्काच्या आईच्या घरी आला, तेव्हा रुदा नावाच्या मुलीने त्याचा आवाज ओळखला. पण आनंदाच्या भरात ती दार उघडायचे विसरून आत धावली आणि पेत्र बाहेर ठोठावत राहिला. पहिल्यांदाच येणारा माणूस दारापाशी असाच घुटमळत असतो. त्याला आत आणावे, नाव सांगून ओळख करून द्यावी, प्रसाधनगृह कुठे आहे ते दाखवावे आणि ज्याच्याशी तो मोकळेपणी बोलू शकेल अशा माणसाशेजारी बसवावे. यजमान आणि अभ्यास चालवणारा एकच असेल तर ही दोन्ही कामे अर्धवट होतात, म्हणून आमच्याकडे अभ्यास दुसरे कोणीतरी चालवते. खाण्यापिण्याच्या तयारीबद्दल मला फार सांगायचे नाही. जे करायचे ते आधी करून झाकून ठेवावे, पाणी सर्वांच्या हाताशी असावे, आणि अभ्यास चालू असताना यजमानीण स्वयंपाकघरात नसावी. पाहुणचारात गुंतलेल्या मार्थेची तारांबळ आणि प्रभूच्या चरणांशी बसून ऐकणारी तिची बहीण मरीया, हा लूकच्या शुभवर्तमानाच्या १०व्या अध्यायातला प्रसंग घरच्या बाईनेच आधी वाचून ठेवावा.

सर्वांजवळ एकाच भाषांतराची प्रत नसते, आणि काही जण तर आयुष्यात पहिल्यांदाच बायबल हातात घेतात. अशा वेळी पान क्रमांक सांगून उपयोग होत नाही. अध्यायांची आजची विभागणी तेराव्या शतकातली, आणि नव्या करारातले आजचे वचनांचे क्रमांक १५५१ मध्ये रोबेर एत्येन या मुद्रकाने घातलेले; त्यामुळेच वेगवेगळ्या भाषांतील प्रती हातात असूनही माणसे एकाच ओळीवर येऊ शकतात. तरीही नवख्या माणसाला क्रमांक कसे शोधावेत हे माहीत नसते, म्हणून जादा प्रतींमध्ये मी त्या दिवसाच्या भागाशी कागदाची पट्टी घालून ठेवते. वाचणाऱ्यांना आदल्या दिवशीच विचारून घेते. ज्यांना वाचता येत नाही किंवा वाचायचे नसते, त्यांच्यावर भर सभेत पाळी येता कामा नये.

पहिल्या बैठकीसाठी मी नेहमी नव्या करारातले, पौलाने फिलेमोनाला लिहिलेले पत्र सुचवते. ते अवघ्या २५ वचनांचे आहे, एका बैठकीत पूर्ण वाचून होते, आणि ते एका घराच्या उंबऱ्याशीच येते, कारण पौलाने ते फिलेमोनाबरोबर त्याच्या घरी जमणाऱ्या मंडळीलाही लिहिले आहे. अनेसिम या दासाला आता दासापेक्षा अधिक, प्रिय बंधू म्हणून स्वीकार, अशी त्यात विनवणी आहे. घरात कोणाला कोणत्या नात्याने बसवायचे, हा प्रश्न त्या पत्रात इतका उघडपणे येतो की चर्चा वेगळी सुरू करावी लागत नाही. आणि २२व्या वचनात पौल सांगतो की माझ्यासाठीही राहण्याची जागा तयार करून ठेव. बंदिवासात असलेल्या माणसाने सुटकेच्या आशेवर केलेली ही विनंती मी प्रत्येक वेळी थांबून वाचते.

प्रार्थना झाल्यावर खुर्च्या लगेच उचलायच्या नाहीत, हे मी घरच्यांना सांगून ठेवले आहे. वर्तुळात जे बोलता येत नाही, ते पुष्कळदा उठल्यानंतर निघते. मुलाची काळजी, रखडलेले काम, घरातला अबोला. त्यासाठी खिडकीजवळच्या दोन खुर्च्या शेवटचा माणूस दाराबाहेर पडेपर्यंत तशाच राहतात.