पाताळपाणीला जाऊन आलो

काल रविवार, सकाळी सहालाच इंदूरहून निघालो, मी, बायको, मुलगी आणि आई, वाटेत महूला पोहे-जिलबी खाल्ली आणि थेट पाताळपाणी. पाऊस नुकताच होऊन गेला होता त्यामुळे धबधबा काय सांगू, चोरल नदी सरळ खोल दरीत उडी घेते आणि खालून वाफेसारखे तुषार वर येतात. दोन्ही बाजूला काळ्या बेसाल्टचे कडे, आपल्या माळव्याचं पठार जिथे संपतं ना तिथलं हे दृश्य.

आईला मीटर गेजच्या, म्हणजे अरुंद रुळांच्या गाडीनं घाटाखालच्या कालाकुंड स्टेशनला जायचं होतं, ती लहानपणी याच लाइननं खांडव्याला आजोळी जायची. मग त्याच गाडीत बसलो, घाट उतरताना, बोगदे आले की ती माझा हात घट्ट धरायची. कालाकुंडला पानावरचं कलाकंद खाताना एकदम गप्प झाली, मला भरून आलं.

एक मात्र मनापासून सांगतो, रेलिंगच्या पलीकडे सेल्फीसाठी जाऊ नका रे. 2011 मध्ये इथे अचानक लोंढा आला आणि माणसं वाहून गेली, वर पाऊस पडला की खाली कळतसुद्धा नाही. काल दोन पोरं पलीकडे उभी होती, आईनंच हाक मारून परत बोलावलं त्यांना.

निघताना टंट्या मामांच्या, म्हणजे इंग्रजांशी लढलेल्या टंट्या भिल्लांच्या देवळात नारळ वाढवला.