जावात अडकलं की दुसऱ्याला नेमकं काय पाठवायचं?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. “प्रोग्राम चालत नाही म्हणून सीनियरला विचारलं, तर तो उत्तर द्यायचं सोडून मलाच दहा प्रश्न विचारतो. त्याला आधीच काय पाठवलं म्हणजे तो लगेच सांगेल?” हा प्रश्न कॉलेजातली मुलं विचारतात, तसे चार-पाच वर्षं नोकरी केलेलेही विचारतात.

जावा या प्रोग्रामिंग भाषेत एरर फुटतो एकीकडे आणि त्याचं मूळ बहुतेक वेळा असतं दुसरीकडे. तुम्ही फुटलेली जागा दाखवता; मुळापर्यंत पोचायला लागणारा पुरावा मात्र तुमच्याच मशीनवर राहून जातो. समोरचा दहा प्रश्न विचारतो ते तो पुरावा बाहेर काढायला. आणि अडचण बदलली की पुरावाही बदलतो: कधी स्टॅक ट्रेस (एरर आला तेव्हा कोणत्या मेथडने कोणाला बोलावलं त्याची ओळवार यादी), कधी व्हर्जनचा आकडा, कधी थ्रेड डंप (प्रोग्रामचा प्रत्येक थ्रेड, म्हणजे कामाचा धागा, त्या क्षणी कुठे आहे त्याची नोंद), तर कधी फक्त खरा इनपुट.

स्टॅक ट्रेस पूर्ण पाठवा आणि टेक्स्ट म्हणून पाठवा. मोबाइलवर काढलेल्या फोटोत काही शोधता येत नाही, आणि हवी असलेली ओळ नेमकी फोटोच्या खाली राहिलेली असते. ती ओळ म्हणजे सगळ्यात शेवटचं ‘कॉज्ड बाय’. स्प्रिंगसारखी फ्रेमवर्कं मूळ एक्सेप्शन दुसऱ्यात गुंडाळतात, ते तिसऱ्यात. वर ‘बीनक्रिएशनएक्सेप्शन’ दिसतं म्हणून सगळे त्या बीनच्या (स्प्रिंगने बनवलेल्या ऑब्जेक्टच्या) मागे लागतात, आणि तळाशी सरळ लिहिलेलं असतं ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’, म्हणजे डेटाबेस बंद आहे किंवा पोर्ट चुकलाय. शेवटच्या ‘कॉज्ड बाय’खाली तुमच्या स्वतःच्या पॅकेजचं नाव असलेली पहिली ओळ शोधा, तपास तिथून सुरू होतो. शेवटी ‘… २३ मोअर’ असं दिसलं तर काही कापलं गेलंय असं समजू नका. त्या २३ ओळी वरच्या ट्रेसमध्ये आधीच छापलेल्या असतात.

ट्रेसच नसेल तर? दोन कारणं नेहमीची. पहिलं, कॅच ब्लॉकमध्ये फक्त ‘गेटमेसेज’ (एक्सेप्शनचा नुसता संदेश) लॉग केलेला असतो. लॉगरला एक्सेप्शन ऑब्जेक्ट शेवटचा आर्ग्युमेंट म्हणून द्या, पूर्ण ट्रेस छापला जाईल. दुसरं कारण फार कमी जणांना माहीत असतं. एकाच जागी तेच नलपॉइंटरएक्सेप्शन (नल, म्हणजे रिकाम्या, जागेवर काही चालवल्याचा एरर) वारंवार येत राहिलं, की हॉटस्पॉट या जावा चालवणाऱ्या इंजिनाचा जेआयटी कंपायलर (चालता चालता कोड वेगवान करणारा भाग) वेग वाढवण्यासाठी ट्रेस नसलेलं, आधीच बनवून ठेवलेलं एक्सेप्शन फेकायला लागतो. लॉगमध्ये मग नुसतं नाव येतं. अशा वेळी त्याच लॉगमध्ये मागे जा, सर्व्हर सुरू झाल्यानंतरच्या पहिल्या काही एररमध्ये पूर्ण ट्रेस सापडतो. लॉग रोटेट होऊन जुना भाग गेला असेल तर ‘ओमिटस्टॅकट्रेसइनफास्टथ्रो’ हा पर्याय उणे चिन्ह लावून बंद करा आणि सर्व्हर पुन्हा सुरू करा.

नलपॉइंटरबद्दल आणखी थोडं, कारण सर्वांत जास्त विचारणा त्याचीच होते. एकाच ओळीत ऑर्डरवरून कस्टमर, कस्टमरवरून पत्ता, पत्त्यावरून पिनकोड अशी साखळी असेल, तर जावा ८ किंवा ११ फक्त ओळीचा नंबर सांगतं. साखळीतलं कोण नल हे तुम्ही शोधायचं. जावा १४ मध्ये सविस्तर संदेश आला आणि १५ पासून तो आपोआप चालू असतो: अमुक मेथड चालवता येत नाही, कारण तमुक मेथडचं उत्तर नल आहे. त्यात व्हेरिएबलच्या नावाऐवजी ‘लोकल१’ असं काही दिसलं तर क्लास डीबग माहितीशिवाय कंपाइल झालाय. जावाक्‌ला (जावाच्या कंपायलरला) ‘जी’ फ्लॅग दिला की खरं नाव दिसतं. ज्या ओळीत टिंबाआधीचं काहीच नल नाही तिथेही हे एक्सेप्शन येतं, तेव्हा लोक चक्रावतात. मॅपमधून इंटिजर काढून थेट इंट व्हेरिएबलमध्ये ठेवलात आणि ती की मॅपमध्ये नसेल, तर अनबॉक्सिंग करताना, म्हणजे ऑब्जेक्टमधून साधा आकडा काढताना, नल फुटतो. आणि ‘ऑटोवायर्ड’ (हे फील्ड स्प्रिंगने भरावं अशी खूण) लावूनही फील्ड नल आहे असं कुणी म्हटलं, तर समोरचा पहिल्यांदा विचारेल, “ऑब्जेक्ट तू ‘न्यू’ करून बनवलायस का?” स्प्रिंगने न बनवलेल्या ऑब्जेक्टमध्ये स्प्रिंग काही भरत नाही.

व्हर्जनच्या भानगडीत नाव-गाव सांगून भागत नाही, आकडे द्या. ‘अनसपोर्टेडक्लासव्हर्जनएरर’मध्ये दोन आकडे असतात. त्यातून ४४ वजा केले की जावाचं व्हर्जन मिळतं: ५२ म्हणजे जावा ८, ५५ म्हणजे ११, ६१ म्हणजे १७, ६५ म्हणजे २१. क्लास ६१ चा आणि चालवणारा ५५ पर्यंतच ओळखतो असं लिहिलं असेल, तर कंपाइल १७ वर झालंय आणि चालवताय ११ वर. टर्मिनलमध्ये ‘जावा’, ‘जावाक्’ आणि ‘मेव्हन’ (प्रोजेक्ट बांधणारं, लायब्ररी आणणारं साधन) या तिघांचं व्हर्जन वेगवेगळं विचारा आणि तिन्ही उत्तरं पाठवा. मेव्हन आपलं जावा ‘जावा होम’वरून उचलतं, टर्मिनल पाथवरून, आणि आयडीईचं (कोड लिहायच्या एडिटरचं) सेटिंग तिसरंच असतं. ‘माझ्याकडे १७ आहे’ हे वाक्य त्यामुळे पुरेसं नसतं. जुन्या सर्व्हरसाठी नव्या जावावर कंपाइल करायचंच असेल तर सोर्स-टार्गेट वेगवेगळं देण्यापेक्षा ‘रिलीज’ हा एकच पर्याय द्या. तो भाषेच्या व्हर्जनबरोबर त्या व्हर्जनमधल्या मेथडही तपासतो.

‘नोसचमेथडएरर’ आला की कोड दाखवून उपयोग नाही. कोड कंपाइल झाला म्हणजे मेथड तेव्हा होती. चालताना त्याच लायब्ररीची दुसऱ्या व्हर्जनची जार (लायब्ररीची फाइल) मिळाली. इथे पुरावा म्हणजे मेव्हनचा डिपेंडन्सी ट्री, कोणती लायब्ररी कोणामुळे आली त्याचं झाड. एकाच लायब्ररीची दोन व्हर्जन आली, तर मेव्हन झाडात मुळाला जवळचं घेतं, ग्रेडल हे तसंच दुसरं साधन सहसा मोठ्या आकड्याचं घेतं. म्हणून एकच प्रोजेक्ट मेव्हनवरून ग्रेडलवर नेला की अचानक चालतो किंवा अचानक पडतो. क्लास नेमका कोणत्या जारमधून लोड झाला हे ‘व्हर्बोज:क्लास’ फ्लॅग देऊन दिसतं. ती एक ओळ पाठवली तर उत्तर पाच मिनिटांत मिळतं. स्प्रिंग बूट २ वरून ३ वर जाताना ‘जावाएक्स.सर्व्हलेट’ सापडत नाही ही तक्रारही याच घरातली: ३ मध्ये ते पॅकेज ‘जकार्ता.सर्व्हलेट’ झालं, आणि किमान जावा १७ लागतं. स्वतःचा कोड बदलूनही एरर राहिला तर एखादी जुनी लायब्ररी आतून अजून जावाएक्सच मागते आहे.

‘नोक्लासडेफफाउंडएरर’सोबत ‘कुड नॉट इनिशिअलाइझ क्लास’ दिसलं, तर क्लास हरवलेला नाही. त्याचा स्टॅटिक ब्लॉक (क्लास पहिल्यांदा वापरताना एकदाच चालणारा भाग) आधी एकदा पडलाय, आणि खरं कारण त्या पहिल्या वेळच्या ‘एक्सेप्शनइनइनिशिअलायझरएरर’मध्ये आहे. लॉगमध्ये वर शोधा.

आता ज्यात एररच येत नाही, फक्त उत्तर चुकतं, अशी अडचण. इथे खरा इनपुट लागतो, ‘समजा काहीतरी आकडा’ नव्हे. दोन इंटिजर == ने तपासलेत तर १०० आणि १०० बरोबर ठरतात, १००० आणि १००० ठरत नाहीत, कारण −१२८ ते १२७ पर्यंतचे ऑब्जेक्ट जावा साठवून ठेवतं आणि तेच परत देतं. टेस्टिंगमध्ये छोटे आयडी, प्रॉडक्शनमध्ये मोठे; म्हणून ‘माझ्याकडे चालतं’. उपाय ‘इक्वल्स’. तारखेच्या फॉरमॅटमध्ये छोट्या वायऐवजी कॅपिटल वाय लिहिला तर वर्षभर सगळं ठीक दिसतं, आणि ३० डिसेंबर २०२४ ची तारीख २०२५ म्हणून छापली जाते, कारण कॅपिटल वाय आठवड्याचं वर्ष मोजतो. फॉर-ईच लूपमध्ये अॅरेलिस्टमधून काढून टाकलं की ‘कॉन्करंटमॉडिफिकेशनएक्सेप्शन’ येतं हे सगळे जाणतात. पण तीन जणांच्या यादीतून दुसरा काढलात तर ते येत नाही! यादीची लांबी दोन होते, लूपचा काटाही दोनवर असतो, लूप संपलं असं ठरतं आणि तिसरा तपासलाच जात नाही. म्हणून ‘रिमूव्हइफ’ वापरा, आणि विचारताना यादीत काय होतं ते आहे तसं लिहा.

मराठी मजकुराचं प्रकरण इथल्या डेव्हलपरांच्या वाट्याला हमखास येतं: फाइलमध्ये नाव लिहिलं आणि प्रश्नचिन्हं आली. ‘मराठी दिसत नाही’ एवढं सांगू नका. वाचून आलेल्या स्ट्रिंगचं पहिलं अक्षर इंटमध्ये बदलून छापा. ‘नमिता’ या नावासाठी २३४४ आलं तर स्ट्रिंग बरोबर आहे, दोष पुढे कन्सोलचा किंवा फॉन्टचा. ६३ आलं तर ते खरोखरच प्रश्नचिन्ह आहे: लिहितानाच अक्षर गेलं आणि ते परत मिळणार नाही, लिहिणारा कोड दुरुस्त करून डेटा पुन्हा भरावा लागेल. २२४ आलं तर फाइल धडधाकट यूटीएफ-८ (अक्षरं बाइटमध्ये साठवायची एक पद्धत, म्हणजे कॅरेक्टरसेट) आहे, फक्त वाचणाऱ्याने ती विंडोज-१२५२ या दुसऱ्या पद्धतीची समजून वाचली. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइटचं असतं आणि त्यातला पहिला बाइट २२४ असतो. एका आकड्यावरून मदत करणाऱ्याला तीन दिशांपैकी एक कळते.

जावा १७ पर्यंत विंडोजवर डीफॉल्ट कॅरेक्टरसेट मशीनच्या सेटिंगवर ठरायचा. १८ पासून तो यूटीएफ-८ आहे. पण व्हर्जनवर विसंबू नका, वाचताना आणि लिहिताना कॅरेक्टरसेट स्पष्ट द्या. फाइलरायटरला तो ११ पासून थेट देता येतो. सोर्स फाइलमध्येच मराठी शब्द असतील तर जावाक्‌लाही एन्कोडिंग सांगा. आणि नाव वीस अक्षरांवर कापायचा कोड असेल तर लक्षात ठेवा, ‘स्त्री’ची लांबी जावा ६ सांगतं. मधेच कापलं तर शेवटी लटकता हलन्त उरतो.

प्रोग्राम पडत नाही, नुसता थिजतो, तेव्हा लॉगमध्ये काहीच नसतं. रिस्टार्ट करण्याची घाई होते आणि पुरावा त्याच क्षणी नाहीसा होतो. आधी ‘जेपीएस’ने प्रोसेसचा नंबर काढा, मग ‘जेस्टॅक’ने थ्रेड डंप घ्या, दहा-दहा सेकंदांनी तीन. एका डंपवरून थ्रेड अडकलाय की नुसता तिथून जात होता हे कळत नाही. तिन्हींत तोच थ्रेड त्याच ओळीवर असेल तर अडकलाय. डेडलॉक (थ्रेड एकमेकांची वाट बघत अडकणं) असेल तर डंपच्या शेवटी तसं स्पष्ट लिहिलेलं असतं. सीपीयू शंभर टक्क्यांवर असेल तर लिनक्सवर ‘टॉप’ला थ्रेड दाखवायला सांगा आणि सर्वांत वर असलेल्या थ्रेडचा नंबर डंपमधल्या ‘एनआयडी’शी (ऑपरेटिंग सिस्टिमने दिलेल्या थ्रेड नंबरशी) जुळवा. जावा ८ आणि ११ मध्ये तो आकडा हेक्समध्ये (सोळाच्या पायात) असतो, म्हणजे टॉपमधला २५३४५ डंपमध्ये ६३०१ दिसेल.

मेमरीच्या एररमध्ये ‘आउटऑफमेमरी’पुढचे शब्द पाठवायला विसरू नका. ‘जावा हीप स्पेस’ (ऑब्जेक्टची जागा), ‘मेटास्पेस’ (क्लासच्या माहितीची जागा) आणि ‘नेटिव्ह थ्रेड तयार होत नाही’ ही तीन वेगळी दुखणी आहेत, आणि कमाल हीप वाढवून शेवटची दोन बरी होत नाहीत. थ्रेडचं दुखणं उलट वाढू शकतं. ‘हीपडंपऑनआउटऑफमेमरीएरर’ हा फ्लॅग प्रॉडक्शनवर आधीपासून लावून ठेवा, म्हणजे मेमरी संपताच हीपची प्रत (डंप) फाइलमध्ये उतरते. डंप एक्लिप्सच्या मेमरी अॅनालायझरमध्ये उघडा आणि डॉमिनेटर ट्रीतल्या (कोणता ऑब्जेक्ट किती मेमरी धरून आहे त्या यादीतल्या) पहिल्या दहा ओळी पाठवा. डंप फाइल स्वतः कुणालाही पाठवू नका. त्यात ग्राहकांची नावं, टोकन, पासवर्ड, सगळं उघडं असतं.

लॉग पाठवतानाही गुप्त गोष्टी झाका, पण नीट झाका. एकच आयडी दहा ठिकाणी असेल तर दहाही ठिकाणी तोच खोटा आयडी ठेवा, नाहीतर वाचणाऱ्याला धागा लागत नाही. आणि पासवर्डमध्ये @ किंवा # असेल तर तसं सांगा. कनेक्शन यूआरएलमध्ये पासवर्ड लिहिलेला असेल तर ते चिन्हच एररचं कारण असू शकतं.

कोड पाठवायचा तर अख्खा प्रोजेक्ट नको. डेटाबेसच्या जागी हाताने लिहिलेली तीन ओळींची यादी ठेवा, कंट्रोलर काढा, सर्व्हिस काढा, मेन मेथडमध्ये आणा, आणि दर वेळी चालवून एरर अजून येतो का बघा. जावा ११ पासून एक फाइल कंपाइल न करता थेट ‘जावा’ कमांडने चालते, त्यामुळे तीस-चाळीस ओळींची एक फाइल पाठवली की समोरचा ती लगेच चालवून बघतो. काही काढल्यावर एरर गेला, तर जे काढलंत त्यातच दुखणं आहे, आणि पुष्कळदा विचारायची गरजच उरत नाही.

आलेलं उत्तरही तपासून घ्या. ‘पीकेआयएक्स पाथ बिल्डिंग फेल्ड’ म्हणजे समोरच्या सर्व्हरच्या सर्टिफिकेटवर तुमच्या जावाचा विश्वास नाही. त्यावर ‘सगळी सर्टिफिकेटं मान्य कर’ असा दहा ओळींचा कोड देणारे भेटतात. तो चालतो, म्हणूनच धोक्याचा आहे: मधे बसून कुणीही वाचू शकेल असं कनेक्शन तयार होतं. त्याऐवजी कंपनीच्या प्रॉक्सीचं (मधल्या सर्व्हरचं) सर्टिफिकेट ‘कीटूल’ने ट्रस्टस्टोअरमध्ये, म्हणजे जावा ज्यांच्यावर विश्वास ठेवतं त्या सर्टिफिकेटांच्या साठ्यात, घाला. आणि चालत असलेलं जावा तेच ट्रस्टस्टोअर वाचतंय ना, ते बघा. मशीनवर तीन जेडीके (जावाचे संच) असले की सर्टिफिकेट हमखास भलत्याच्याच ट्रस्टस्टोअरमध्ये पडतं.

उत्तर लागू पडलं की थांबून गिट डिफ (कोडमध्ये काय काय बदललं ते) बघा. शोधाशोधीत पाच ठिकाणी बदल झालेले असतात आणि त्यातला एकच कामाचा असतो. बाकीचे मागे घ्या, तो एक ठेवून पुन्हा चालवा, आणि ज्याने मदत केली त्याला नेमकी कोणती ओळ बदलल्यावर चाललं ते जावाच्या व्हर्जनसकट कळवा.