पाणी इला!

मार्चमध्ये लातूर-मुंबई एक्सप्रेसने सकाळी ठाण्याला उतरलो, तिथून स्लो लोकलने भांडुप. चार महिने झाले आता. गर्दी, वडापाव, घरभाडं यावर सगळेच लिहितात म्हणून ते सोडतो. मला इथं सगळ्यात नवल वाटलं ते नळाचं.

रोज येतो हो! रोज!! आमची खोली टेकडीवर, त्यामुळं प्रेशर नाही, धार म्हणजे करंगळीएवढी, पण पहाटे पाचला शेजारच्या मालवणी काकू "पाणी इला रे" म्हणून ओरडतात आणि अख्खी गल्ली उठते. पहिल्या दिवशी मी दिसेल ते भरून ठेवलं, बादल्या, कुकर, बाटल्या, अगदी टिफिनचे डबेसुद्धा. रूममेट रत्नागिरीचा, तो हसायलाच लागला, म्हणे अरे उद्या पण येणारे की.

त्याला काय सांगायचं. 2016 च्या एप्रिलमध्ये आमच्याकडं लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं होतं, पहिल्या गाडीला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. त्याच्या आधी पाण्याच्या टाक्यांपाशी भांडणं नकोत म्हणून 144 कलम लावलेलं. मी आठवीत होतो, टबात बसून अंघोळ करायची आणि तेच पाणी मग संडासला. आणि हा पठ्ठ्या नळ चालू ठेवून दाढी करतो!! मी मागून जाऊन बंद करतो, आमची भांडणं फक्त यावरून होतात.

आणि गंमत म्हणजे मुंबईचं बहुतेक पाणी मुंबईचं नाहीच, भातसा, तानसा, वैतरणा, शंभरेक किलोमीटरवरून पाइपानं येतं आणि त्यातलं बरंचसं इथं भांडुपलाच साफ होतं. म्हणजे एवढ्या लांबून न थकता येतं आणि माझी टेकडी चढताना दमतं :) पण यातली बरीचशी धरणं ज्या शहापूर तालुक्यात आहेत तिथल्या गावांना उन्हाळ्यात टँकर लागतो हे वाचलं तेव्हापासून मी नळ जरा जास्तच आवळतो, परवा वायसरच गेला.

पाऊस सुरू झाला की ऑफिसात सगळ्यांची तोंडं पडतात, दादरच्या हिंदमाताला पाणी भरलं का, गाड्या चालू आहेत का, घरी कसं जायचं. मी आपला खिडकीपाशी. इथल्या पेपरात रोज सात तलावांची टक्केवारी छापतात, क्रिकेटच्या स्कोअरसारखी, मला ती वाचायची सवयच लागलीय.

परवा आईचा फोन आला, "पाऊस हाय का तिकडं?" म्हटलं लई हाय, तुळशी तलाव भरून वाहायलाय.

"अन् आपलं मांजरा?"

लातूरला पाणी देणारं ते धरण इथल्या पेपरात नसतं. मोबाइलवर शोधून सांगितलं, अजून लई खाली हाय म्हणून.

"बरं," म्हणाली, "बादल्या भरून ठेवत जा."