लाल रंग गेला कुठे?

आज मालवणला, सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ कॅमेरा घेऊन पाण्यात उतरले. ७ मीटरवर माझं लालभडक नेलपॉलिश चक्क चॉकलेटी! पाणी लाल उजेड सगळ्यात आधी गिळतं, हे वाचलं होतं. बोटांवर बघितलं आज. कॅमेऱ्याच्या ऑटो व्हाइट बॅलन्सने, म्हणजे उजेड बघून रंग आपोआप जुळवणाऱ्या सोयीने, तर हातच टेकले. मासे, प्रवाळ, मी, सगळे एकजात हिरवे. मग गाइडची पांढरी पाटी समोर धरून व्हाइट बॅलन्स हाताने लावला, तेव्हा कुठे रंग परतले. पण दोन मीटर खाली गेलं की पुन्हा पाटी! टॉर्च लावून पाहिला, तर माशांपेक्षा गढूळ पाण्यातले कणच जास्त चमकले. मी फोटो रॉमध्ये (सेन्सरने टिपलेली माहिती जशीच्या तशी ठेवणारी फाइल) काढलेत, घरी रंग थोडे सावरता येतील. नवऱ्याने सगळे जेपीईजीत (कॅमेऱ्याने रंग आधीच पक्के करून लहान केलेली फाइल), ऑटोवर काढलेत. त्याला अजून काही बोलले नाहीये. 😄