थेंब कुठनं पडतोय?

सोमवारी सकाळी साडेसहाला आईनं उठवलं, "ऊठ, तुझ्या गाडीचा वास पार देवघरापर्यंत आलाय." खाली येऊन बघतो तर पोर्चच्या फरशीवर परातीएवढा पेट्रोलचा ओला डाग आणि इंजिनखाली टप टप चालूच. पोर्चला लागून बाथरूम, तिथं गॅस गिझर, म्हणजे आधी पळत जाऊन तो बंद केला, गाडीचा पेट्रोलचा कॉक बंद केला, आईला म्हटलं आज निरांजन लावू नको (तिनं काही ऐकलं नाही, देवघराचं दार तेवढं लावून घेतलं) आणि गाडी ढकलत अंगणात नेली. राग कुणावर काढायचा हाही प्रश्न नव्हता, कारण रविवारी कार्बोरेटर (इंजिनला पेट्रोल आणि हवा मिसळून देतो तो भाग) मीच उघडला होता.

गाडी पप्पांची, २००८ ची स्प्लेंडर. सकाळी चोक ओढूनसुद्धा दहा किका, आणि सांगलीत विश्रामबागच्या चौकात सिग्नलला हमखास बंद. दोन व्हिडिओ बघितले आणि वाटलं, एवढंच तर आहे. जेट, म्हणजे पेट्रोल जायची बारकी भोकं, साफ केले, पेट्रोलचा पाइप पार कडक झालेला म्हणून नवा टाकला, सगळं काढलं तसं उलट लावत गेलो, चक्कर मारून आलो, गाडी एकदम मख्खन. रात्री कॉक चालूच ठेवून झोपलो.

आता लीक म्हटल्यावर मी काय केलं, काहीही न बघता थेट दुकानात जाऊन फ्लोटची निडल, म्हणजे आत येणारं पेट्रोल अडवते ती सुई, घेऊन आलो, कारण व्हिडिओत तसंच सांगितलेलं. बदलली. टप टप तसंच. मग कुपवाड रोडला एक मिस्त्री आहेत, पप्पांच्या वेळेपासून आम्ही सगळे त्यांना मामाच म्हणतो, त्यांना फोन लावला.

"थेंब कुठनं पडतोय?"

"कार्बोरेटरमधनं."

"आरं कार्बोरेटरच्या कुठनं? पेट्रोल वरनं ओघळत खाली येतंय, खालचा थेंब बघून तुला काय कळणार हाय लगा? फडक्यानं पुसून कोरडं कर, त्याच्यावर पावडर मार, अंगाला लावतो ती, आणि मग कॉक उघडून बघत बस."

आईच्या टाल्कमचा डबा निम्मा संपला पण उत्तर दोन मिनिटांत मिळालं. खालच्या वाटीचा, म्हणजे बाऊलचा जोड आहे ना, तिथं एका बाजूला पावडर ओली होऊन रेघ उमटली. बाऊल काढला तर आतली रबरी रिंग खाचेतून बाहेर येऊन चक्क चेमटलेली. जुनी रिंग पेट्रोलमध्ये राहून फुगलेली असते, बाहेर काढली की खाचेपेक्षा लांब भरते, आणि मी ती बोटानं दाबत कशीबशी बसवून वरनं स्क्रू आवळलेले. (आता तर पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल येतंय, जुन्या गाड्यांच्या रबराला ते आणखी मानवत नाही. आमच्या जिल्ह्यात ऊस कमी आहे का, कुणाच्या तरी रानातलाच ऊस माझी रिंग फुगवत असणार.) नवी रिंग टाकली, जोड कोरडा ठणठणीत.

दुसऱ्या दिवशी परत वास.

परत पावडर, आणि यावेळी थेंब ओव्हरफ्लोच्या, म्हणजे जादा पेट्रोल बाहेर सोडणाऱ्या, बारक्या पाइपातनं. म्हणजे लीक एक नव्हतंच, दोन होती, आणि मोठ्यामुळं बारकं दिसत नव्हतं. हे समजून घ्यायला छपरावरच्या टाकीतला बॉलकॉक डोळ्यासमोर आणा. बाऊलमध्ये पेट्रोल भरत आलं की फ्लोट वर उचलला जातो, तो निडलला दाबतो, निडल भोकात बसून पेट्रोल अडवते. निडल नीट बसली नाही तर पेट्रोल चढत जातं आणि ओव्हरफ्लोतनं बाहेर. मामा म्हणाले ड्रेनच्या नळीला (बाऊल रिकामा करायची खालची नळी) पारदर्शक पाइप लाव, तो बाऊलला चिकटून उभा धर, ड्रेनचा स्क्रू सैल कर, आत जेवढी लेव्हल तेवढीच पाइपात दिसंल. दिसायला पाहिजे जोडाच्या जरा खाली, माझी जोडाच्या वर जाऊन चढतच होती. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं बाऊलवर टकटक केलं की चढायची थांबायची, थोड्या वेळानं परत चालू.

"कचरा हाय," मामा फोनवरच म्हणाले. आणि मी नव्या निडलला शिव्या घालत होतो.

उघडलं. निडलच्या टोकाला मोहरीच्या चतकोराएवढा काळा कण. बोटात चुरगळला तर रबर. ते कुठनं आलं हे शोधायला मात्र अर्धा तास गेला आणि सापडल्यावर कुणाला सांगू नये असं वाटलं. नवा पाइप लांब होता म्हणून मी तो हॅक्सॉच्या ब्लेडनं कापला होता, करवतीसारखा, आणि आतला चुरा न झटकता नळीवर पिळून पिळून चढवला होता. कॉकला जाळी असते की, पण ती टाकीच्या बाजूला, माझा चुरा जाळीच्या पुढं तयार झालेला, त्याला अडवणार कोण. पाइप काढला, टोक धारदार ब्लेडनं एका फटक्यात कापलं, आत फुंकर मारली, भोक आणि निडल साफ केली, मध्ये एक छोटा फिल्टर टाकला.

मामांनी शेवटी विचारलं, "ऑइलचा वास घेतला का?" नव्हता घेतला. डिपस्टिक काढली तर लेव्हल खुणेच्या वर आणि ऑइल पाण्यासारखं पातळ, पेट्रोलचा भपकारा. रात्रभर चढलेलं पेट्रोल सगळं बाहेर पडलं नव्हतं, थोडं इंजिनात गेलं होतं. तसंच चालवलं असतं तर बेअरिंगपासून पिस्टनपर्यंत सगळ्याला घासायला मिळालं असतं. ऑइल बदललं. पूर्ण प्रकरणात सगळ्यात महाग तेच पडलं.

मामांना भडंगाचं पाकीट नेऊन दिलं. जुनी निडल दाखवली तर उजेडाकडं धरून म्हणाले, "ही चांगली हाय की, कशाला काढलीस?"

गाडीखाली आईनं पेपर अंथरलाय, चार दिवस झाले, कोरडा आहे. मी आता रोज रात्री आठवणीनं कॉक बंद करतो. सकाळी उघडायची आठवण मात्र मार्केट यार्डापाशी गाडी आचके द्यायला लागल्यावर येते.