झांक्या आणि आठची गोळी

अनंत चतुर्दशी, रात्री दीड.

आत्ताच आत्याकडून घरी आलो. राजवाड्याजवळच्या तिच्या गच्चीतून चिऊने यंदा सात झांक्या, म्हणजे मिरवणुकीतले चित्ररथ, पाहिल्या. मागच्या वर्षी दुसऱ्या झांकीलाच "मला नीट दिसत नाही" म्हणून रडायला लागली होती आणि मी सगळ्यांदेखत म्हणाले होते, "सोंगं पुरे." आठ वर्षांची पोर, आणि मी तिची आई.

तेव्हा रोज हेच: सकाळी शाळेत जाताना टवटवीत, संध्याकाळी उजवी पापणी बुबुळावर उतरलेली. दवाखान्यात नंबर लागायचा सकाळचा, तेव्हा काही दिसायचंच नाही. चष्म्यासाठी डोळे तपासून झाले, जंतांचं औषध झालं, सासूबाईंनी दृष्टही काढली. शेवटी आठवडाभर मी रोज दोन वेळा फोटो काढले. ते बघून नव्या डॉक्टरीणबाईंनी मुद्दाम संध्याकाळी बोलावलं आणि मिटलेल्या पापणीवर दोन मिनिटं बर्फाची पुडी धरली. पुडी काढली तर पापणी वर! मी बघतच राहिले.

मायस्थेनिया ग्रॅव्हिस. नसेतून आलेला निरोप स्नायू जिथे घेतो, त्या जागांवरच शरीराची स्वतःची प्रतिपिंडं (जंतूंशी लढायची अँटिबॉडीज) हल्ला करतात. म्हणून स्नायू सुरुवातीला चालतो, वापरला की थकतो. रात्री पोळी चावताना चिऊचा जबडा थकायचा, आणि मी त्याला जेवणातली टंगळमंगळ समजत होते. आत्या अजूनही खारीक-बदाम सुचवते. मी बरं म्हणते.

गोळी पायरिडोस्टिग्मिनची. अर्ध्या-पाऊण तासात लागू पडते, तीन-चार तास टिकते, कधी पोटात मुरडा आणते. 1934 मध्ये लंडनमधल्या ग्रीनिचला मेरी वॉकर या डॉक्टरीणबाईंनी याच जातीचं औषध टोचून पडलेली पापणी उघडून दाखवली होती, हे वाचल्यापासून त्या मला घरच्याच वाटतात. काही अँटिबायोटिकं चिऊला वर्ज्य आहेत. त्यांची यादी माझ्या पर्समध्ये, एक शाळेत.

आज तिला दुपारी दोन तास झोपवलं आणि रात्रीची गोळी ठरल्याप्रमाणे आठला दिली. साडेअकरापर्यंत छान. मग हात डाव्या डोळ्यावर गेला.

"काय गं?"

"दोन दोन हत्ती दिसतायत. एक झाकला."

आत्याने मांडी पुढे केली. आठवी झांकी येईपर्यंत ही झोपली.

सकाळी साडेसहाचा गजर लावलाय. गोळी आधी, पोहे अर्ध्या तासाने.